अकरावीतल्या लेकीला डेटा सायन्समध्ये ‘संशोधन’ करायचंय. दीड लाख भरू का?

धनकवडीची_पोळीभाजी

नमस्कार मंडळी. इथे मी आजवर फक्त पाककृतींच्या धाग्यांवर बडबड केली आहे, चुकीच्या विभागात आले असेन तर सांभाळून घ्या.

माझी लेक अकरावी सायन्सला आहे. मी धनकवडीत डबे करते, नऊ वर्षं झाली. डेटा म्हणजे मोबाइलवरचा रोजचा दीड जीबी, इतकीच माझी समज. लेकीला मात्र त्याचं वेड लागलंय. एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’च्या पुस्तकातून पांडाज की कायसं स्वतःच शिकली. टायटॅनिकवरचे कोण वाचले नि कोण बुडाले, हे आठवडाभर कॉम्प्युटरला विचारत होती. म्हटलं, अगं शंभर वर्षं झाली त्या बोटीला, आता कळून काय करायचंय? तर म्हणे, आई, सगळे इथूनच सुरू करतात.

गेल्या रविवारी कर्वे रस्त्यावर एका करिअरवाल्यांचं फुकट मार्गदर्शन होतं. शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी डेटा सायन्सचं संशोधन, बारा आठवडे, परदेशातला मेंटॉर ऑनलाइन, शेवटी ‘इंटरनॅशनल जर्नल’मध्ये मुलीच्या नावाने पेपर. १ लाख ४८ हजार. शनिवारपर्यंत भरले तर १५ हजार सूट.

परत येताना स्कूटरवर ती गप्प. स्वारगेटच्या सिग्नलला मागून म्हणाली, “राहू दे आई, त्याच्यावाचून काही अडत नाहीये.” हे ती बोलली नसती तर मी इथे आलेच नसते. भिशी उचलता येईल, थोडं सोनं आहे. पण पैसे नक्की कशाचे द्यायचे तेच मला कळलेलं नाही. या वयाच्या मुलांना खरंच संशोधन करता येतं का? कुठे?

रस्ता_खोदलेला_आहे

भरू नका. शनिवारपर्यंतची सूट लक्ष्मी रोडला साड्यांवर असते.

बाकी जाणकार सांगतीलच. डब्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोथरूडचा_बाबा

ताई, मी भरलेत. दुसऱ्या कुणाला तरी, पण मांडणी हीच.

खोटं बोलणार नाही, मेंटॉर चांगला होता. पीएचडी करणारा मुलगा, जीव तोडून शिकवायचा. पण विषय आयता, डेटा आयता, कोडसुद्धा अर्धंअधिक आयतं. पेपर पाठवल्यावर नवव्या दिवशी स्वीकारला. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. माझा एक मित्र प्राध्यापक आहे, त्याने जर्नलचं संकेतस्थळ बघून पहिला प्रश्न विचारला, “संपादक कोण आहे याचा?” नाव होतं, पत्ता नव्हता.

त्यानेच मग सांगितलं की आपल्याच पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात यावर लिहिलं होतं. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली जर्नलं त्यांनी तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त सुमार निघाली. कुठे पत्ता नाही, कुठे खोटे आकडे. म्हणजे मोठमोठे प्राध्यापक जिथे फसतात तिथे तुम्ही-आम्ही काय.

पैशांचं एक वेळ जाऊ दे. नंतर एका प्रवेशाच्या मुलाखतीत मुलाला विचारलं, “हाच प्रश्न का निवडलास?” तो म्हणाला, “दिला होता.” घरी येऊन मला हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मधला_बाक

सेकंड इयर इंजिनिअरिंग. काकू, मी नववीत होतो तेव्हा शाळेने माझं नाव आयुकाला, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेला, पाठवलं होतं. उन्हाळ्यात सोमवार ते शुक्रवार, विद्यापीठाच्या आवारात, रोज खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञाशेजारी बसायचं. एक पैसा घेतला नाही. तो कार्यक्रम आठवी ते दहावीसाठी असायचा, त्यामुळे तुमच्या लेकीची बस चुकली. धाकटं कुणी असेल तर लक्षात ठेवा.

अकरावीला चालेल असं म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १९९३ पासून चालते, १० ते १७ वयाची मुलं. विषय आपल्या गल्लीतला, गावातला हवा आणि मोजमाप स्वतः करायचं, हीच तिथली मुख्य अट. आम्ही दोघांनी सोसायटीच्या टँकरांचा हिशोब केला होता. जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही, पण परीक्षकांनी वीस मिनिटं उलटसुलट सोललं. तेवढं आजवर कॉलेजातही कुणी विचारलेलं नाही. आयरिस नावाची राष्ट्रीय स्पर्धा आहे, तिथून अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेला मुलं जातात. माणसांकडून माहिती गोळा करायची असेल तर तिथे आधी परवानगी लागते, नंतर कागद रंगवून चालत नाही. अनेक जण इथेच बाद होतात.

आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्सचा आहे, अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेली मुलंही त्याची पात्रता परीक्षा देऊ शकतात. चांगलं आहे, पण ते शिक्षण झालं, संशोधन नव्हे. ‘केव्हीपीवाय दे’ असं कुणी सांगितलं तर तो माणूस जुना आहे समजा, विज्ञान शिष्यवृत्तीची ती परीक्षा २०२२ मध्येच बंद झाली.

डेटा मात्र पुण्यात पायलीला पन्नास. महापालिकेची वृक्षगणना आहे, लाखो झाडं. शिवाजीनगरच्या हवामान खात्याचा १९०१ पासूनचा रोजचा पाऊस फुकट उतरवता येतो. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात शाळकरी मुलांनी दर आठवड्याला एकेका झाडाची पालवी, मोहोर, फळं नोंदवलेली आहेत. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर विज्ञान दिन असतो, तिथे शाळा-कॉलेजांचे प्रकल्प मांडतात. नारायणगावपर्यंत एसटी, आसपास पसरलेल्या तीस अवाढव्य अँटेना, आणि येताना मिसळ.

आणि तुलनेसाठी सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत आरएसआय म्हणून सहा आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम भरतो, तो १९८४ मध्ये सुरू झाला. जगातली निवडक मुलं येतात. प्रवासखर्च सोडला तर फुकट.

गणन_मास्तर

संख्याशास्त्र ३१ वर्षं शिकवलं, आता सदाशिव पेठेत पेपर वाचतो.

ताई, वरच्या चिरंजीवांनी दिलेली माहिती ठीक आहे. पण डेटा कुठे मिळतो याआधी प्रश्न कुठला, हे बघायला हवं. टायटॅनिकची फाइल जगातल्या प्रत्येक नवशिक्याने चाळली आहे. ८९१ ओळी. पाठ झाल्यात.

मला एक सांगा, तुम्ही डब्यांचा हिशोब कुठे लिहिता?

धनकवडीची_पोळीभाजी

सर, वहीत. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या लाल बांधणीच्या लांब वह्या. तारीख, वार, कणीक किती किलो, डबे किती गेले, पोळ्या किती उरल्या. पहाटे पाचला कणीक भिजवते आणि “काकू आज डबा नको”चे मेसेज आठपर्यंत येत राहतात, त्यामुळे उरतंच. उरलेल्याचा फोडणीचा कुस्करा करतो, रोज कोण खाणार! मागच्या सगळ्या वह्या माळ्यावर आहेत. हे कशाला विचारलंत?

गणन_मास्तर

कारण हा डेटा जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.

पुण्याला या विषयाची जुनी ओढ आहे. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबीचा हिशोब मांडला, माणशी रोज २२५० कॅलरी धरून. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. एकच निरोगी माणूससुद्धा रोज सारखं खात नाही, आज कमी उद्या जास्त. मग एका दिवसाच्या आकड्यावरून त्याला उपाशी कसं ठरवता? तो वाद वर्षानुवर्षं चालला, आम्ही विद्यार्थी दोन्हीकडून भांडायचो. तुमच्या वहीत हाच चढउतार आहे, फक्त गिऱ्हाइकांची.

लेकीला सांगा, प्रश्न एका वाक्यात लिही: पहाटे पाच वाजता, आज किती डबे जातील हे सांगता येतं का? मग वह्या टंकायला घे. इथे घाई करू नये, निम्मं काम इथेच आहे. तुम्ही कुठे शून्य लिहिलं असेल, कुठे आडवी रेघ मारली असेल, कुठे जागा कोरी सोडली असेल. तिन्हींचा अर्थ वेगळा. तो अर्थ फक्त तुम्हाला माहीत आहे, म्हणून टंकताना तुम्ही शेजारी बसायचं. गिऱ्हाइकांची नावं फाइलमध्ये नकोत, क्रमांक द्या, आणि त्यांना सांगून करा.

तारखांशेजारी तिथीचा रकाना हवा. संगणकाला संकष्टी कळत नाही. पावसाचा रकाना हौस म्हणून घाला, पण हवामान खात्याच्या त्या आकड्यांत एक चौकट साधारण २७ किलोमीटरची असते. धनकवडी आणि शिवाजीनगर एकाच चौकटीत पडतात. तुमच्या गल्लीत कोसळला की नाही हे त्यातून कळणार नाही.

शेवटचं वर्ष कुलपात ठेवायचं. आधीच्या वर्षांवर मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, शिकवायचं, कुलपातल्यावर तपासायचं. सगळे दिवस पत्त्यांसारखे पिसून वाटणी केली तर उद्याचं बघून कालचं सांगितल्यासारखं होतं, आणि ही चूक पदवीधरही करतात. आणि मॉडेलसमोर एक मठ्ठ स्पर्धक उभा करा: ‘मागच्या आठवड्यात याच वारी जेवढे गेले तेवढेच आज जातील.’ त्याला हरवता आलं नाही तर मॉडेल माळ्यावर.

रस्ता_खोदलेला_आहे

एवढं सगळं फुकट सांगताय मास्तर? निदान शनिवारपर्यंत सूट तरी ठेवा.

धनकवडीची_पोळीभाजी

मंडळी, सात आठवड्यांनी येतेय, रागावू नका. मध्ये तिची युनिट टेस्ट होती.

पैसे भरले नाहीत. त्यांचे फोन अजून येतात. आता ६० हजारांवर आलेत.

चार वर्षांच्या वह्या टंकून झाल्या. दोन वह्यांना माळ्यावर पाणी लागलं होतं, त्या सोडल्या. मास्तर म्हणाले तेच झालं. एका पानावर रेघ होती, लेक म्हणाली मेस बंद असणार. म्हटलं नाही गं, त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं, डबे जाऊबाईंनी दिले, लिहायचं राहिलं. लॉकडाउनची पानं कोरीच. त्यावर तिने बोट फिरवलं, काही बोलली नाही. तिथ्यांसाठी जुनी कालनिर्णयं कामाला आली. दूध नि सिलिंडरचा हिशोब मी त्यावरच मांडते, म्हणून टाकलेली नव्हती. संकष्टीला डबे पडतात हे मला ठाऊक होतं, पण एकादशीला फक्त आषाढी-कार्तिकीलाच पडतात, एरवी नाही, हे मला वहीने सांगितलं. मी उगाच दर एकादशीला कणीक कमी घेत होते! पावसाचं काही निघालं नाही.

एके दिवशी ती नाचतच स्वयंपाकघरात आली. मॉडेलचं उत्तर एकदम बरोबर यायला लागलं होतं. रात्री अकराला परत आली, चेहरा उतरलेला. “आई, तू कणीक पाचला भिजवतेस ना? म्हणजे किती डबे जाणार याचा तुझा अंदाज त्या किलोतच आहे. मी मॉडेलला तुझंच उत्तर वाचून दाखवत होते.” आणि तो रकाना स्वतःच काढून टाकला. मला वाटलं, बरोबर येतंय तर राहू द्यायचं. पण नाही.

मग तिने तिघांची शर्यत लावली, कुलपातल्या वर्षावर. मास्तरांचा तो मठ्ठ स्पर्धक रोज सरासरी सात डब्यांनी चुकला. तिचं मॉडेल पाचांनी. आणि माझी कणीक, डब्यांच्या हिशोबात बसवली तर, चारांनी. माझा जीव कसानुसा झाला, एवढी मेहनत करून पोरीचं हरलं. ती मात्र वही घेऊन समोर बसली. “तुला असं काय दिसतं जे इथे लिहिलेलंच नाही?”

खरं सांगते, मला सांगता येईना. दोन दिवस विचार केला. मग रात्री कचरा टाकायला बाहेर गेले आणि नेहमीसारखी मान वर गेली. समोर मुलांचं हॉस्टेल आहे. खिडक्या अंधाऱ्या असल्या की पोरं गावी गेलेली, उद्या मेसेज येणार. नऊ वर्षं रोज बघतेय, आणि बघतेय हे मलाच माहीत नव्हतं.

बालविज्ञान परिषदेचा अर्ज ती वर्गातल्या मैत्रिणीबरोबर भरणार आहे. मास्तर, तुमचा नंबर व्यनि केलात तर तिला एकदा बोलायचंय. आणि कालपासून वहीत नवा रकाना आहे, तिच्या अक्षरात: ‘रात्री १०, दिवे.’ काल एकवीस होते.

गणन_मास्तर

एकूण खिडक्या किती, तेही लिहायला सांगा. नंबर व्यनि केला आहे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही फोन करा.