कराटूजवळची इराक्व वस्ती: अर्धा दिवस पुरेल?

प्रश्न: टांझानियात अरुशा शहराहून न्गोरोन्गोरो विवराकडे जाताना कराटू गावात मुक्काम आहे. मार्चअखेर तिथल्या इराक्व जमातीच्या शेतकऱ्यांकडे जायचंय. काय सांभाळावं?

– अर्धा दिवस पुरतो, पण सकाळीच निघा. मार्च ते मे मोठा पाऊस. तांबडी माती बुटांना थरावर थर चिकटते आणि उतारावर पाय घसरतो. खोल खाचांचे बूट हवेत. प्लास्टिक पिशव्या नेऊ नका, २०१९ पासून बंदी आहे.

– जुन्या धाटणीचं घर चुकवू नका. उतारात अर्धं खणलेलं, वर मातीचं सपाट छत. पूर्वी गुरं पळवायला येणाऱ्या मसाई या शेजारच्या पशुपालक जमातीला लांबून दिसू नये, म्हणून ही युक्ती! आत वाकून शिरा, डोळे अंधाराला सरावू द्या.

– इराक्वांची भाषा कुशिटिक, म्हणजे सोमालीच्या कुळातली; स्वाहिलीसारखी बांटू कुळातली नव्हे. तरी स्वाहिलीवर भागतं. पैसे शिलिंगात, आधीच ठरवून, फोटो विचारूनच.