मारुती ८००च्या कार्बोरेटरसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांची १९९७ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली). पूर्वी गल्लोगल्ली दिसायची, आता साताऱ्यात क्वचितच दिसते. २०१४मध्ये उत्पादन थांबलं, त्यात गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी (नोंदणी) रिन्यू करा, वर पर्यावरण कर. बऱ्याच जणांनी भंगारात काढल्या. फार वाईट वाटतं.

आमचं ७९६ सीसीचं इंजिन अजून ठणठणीत आहे, पण कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) झिजलाय. तिथून हवा खेचते, सिग्नलला गाडी बंद पडते. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वाढवलं की पेट्रोल पिते. सातारा, कोल्हापूर किंवा पुण्यात शाफ्टला नवं बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) घालून देणारे कुणी जुने मिस्त्री माहीत आहेत का? भंगारातल्या गाडीचा चांगला कार्बोरेटर मिळाला तरी चालेल. गाडी विकायची नाही, कृपया तो सल्ला नको.