अनसबस्क्राइब करूनही ईमेल का येत राहतात

संशोधक आपले लेख जिथे ठेवतात अशा साइटवरून आलेल्या ईमेलखालचं 'अनसबस्क्राइब' दाबूनही ईमेल का थांबत नाहीत, असा प्रश्न एकाने विचारलाय. ती लिंक बहुतेक वेळा फक्त त्या एका प्रकारची सूचना बंद करते. 'तुमच्या लेखाला नवं सायटेशन' (म्हणजे दुसऱ्या कुणी लेखात तुमच्या लेखाचा दिलेला संदर्भ) थांबलं तरी 'नवा फॉलोअर', 'सहलेखकाचा नवा लेख', 'तुमच्यासाठी सुचवलेलं' हे सगळं चालूच राहतं. त्यामुळे लॉगिन करून सेटिंग्जमधलं नोटिफिकेशन्सचं पान उघडा आणि नको त्या प्रत्येक ओळीपुढची टिक काढा. 'सेव्ह'चं बटण असेल तर ते पार तळाशी असू शकतं. ते न दाबता पान बंद केलं की सगळं जैसे थे.

गूगल स्कॉलरचं, म्हणजे संशोधन लेख शोधायच्या गूगलच्या सेवेचं, वेगळं आहे. तिथे लेखकाला फॉलो करताना तीन पर्याय दिसतात: त्याचे नवे लेख, त्याला मिळालेली नवी सायटेशन्स आणि संबंधित संशोधन. पहिलाच ठेवा. नावाजलेल्या लेखकाची सायटेशन्स मागवलीत तर इनबॉक्स भरलाच म्हणून समजा. पबमेडमध्ये (वैद्यकीय संशोधन लेख शोधायची साइट) सेव्ह केलेल्या सर्चचा ईमेल रोज, आठवड्याला की महिन्याला हवा ते ठरवता येतं. बहुतेकांना आठवड्याचा पुरतो.

वैतागून 'स्पॅम' मात्र कृपया दाबू नका, नाहीतर पुढे पासवर्ड रीसेटची लिंकही तिकडेच जाऊन पडते. खातं संस्थेच्या ईमेलवर असेल तर संस्था सोडण्याआधीच स्वतःचा पत्ता जोडून तो मुख्य करा. नंतर लॉगिन अडलं तर रीसेटची लिंक त्या बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावरच जाते.