शब्दचर्चा : 'मृदू पेशी', 'अवयव' आणि 'पायात गाठ'

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात सॉफ्ट टिश्यू सार्कोमाला 'मृदू पेशींचा कर्करोग' म्हटलंय आणि 'तो मुख्यतः अवयवांमध्ये होतो' असं वाक्य आहे. चालेल का?

– 'मृदू पेशी' नको. मराठीत पेशी म्हणजे सेल; टिश्यूला ऊती. हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, तिथून ही गफलत होते. स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या या सगळ्या मृदू ऊती. हाड त्यात नाही. 'अवयव' तर यकृतालाही म्हणतात आणि हातालाही. सरळ 'हातापायांत' लिहा.

– 'पायात' लिहूनही भागत नाही. आपल्याकडे खुब्यापासून बोटांपर्यंत सगळा पायच, पण वाचणारा पाऊल आणि घोटा चाचपतो. सार्कोमाच्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त हातापायांत होतात. त्यातही हातापेक्षा पायात कितीतरी जास्त, आणि सर्वांत जास्त मांडीत. म्हणून 'मांडी' हा शब्द आधी यावा. मांडीचा स्नायू इतका जाड की आतली लिंबाएवढी गाठ वरून दिसतही नाही. स्नायू सैल असताना ती थोडी हलते, मांडी ताठ केली की जागच्या जागी घट्ट बसते. 'चरबीची गाठ' हा शब्दही तपासाआधी वापरू नये. साधी चरबीची गाठ बहुधा कातडीखालीच, मऊ असते.

– पोटाच्या भागातल्या सार्कोमासाठी 'पोटातला' हा शब्दही फसवा. त्या गाठी बहुधा आतड्यांत नसून पोटाच्या अस्तरामागे, मूत्रपिंडांच्या आसपास असतात. तिथे जागा ऐसपैस, त्यामुळे नारळाएवढी होईपर्यंत पत्ता लागत नाही. 'पोटाच्या पोकळीमागे, पाठीच्या बाजूला' असं लिहावं, लांबलं तरी चालेल.

– सायनोव्हियल सार्कोमा या एका प्रकाराचं भाषांतर 'सांध्याच्या अस्तराचा कर्करोग' करू नका. तो बऱ्याचदा गुडघ्याजवळ होतो, पण त्या अस्तरातून निघत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तसा भासला म्हणून नाव पडलं, ते तसंच राहिलं.

– सार्कोमाच्या मुळाशी ग्रीक 'सार्क्स', म्हणजे मांस. सुश्रुतसंहितेतलं 'मांसार्बुद' अर्थाने जवळचं: न दुखणारी, दगडासारखी, न हलणारी सूज. तिथे कारण मुष्टिप्रहार दिलंय. आज मार हे कारण मानत नाहीत, मार लागल्यावर तिकडे लक्ष जातं इतकंच. म्हणून पत्रकात 'सार्कोमा'च ठेवा. 'दुखत नाही म्हणून साधी' हा समज मात्र खोडून काढा: ५ सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. थेट कापून काढली तर कर्करोगाच्या पेशी आजूबाजूला सांडू शकतात आणि पुढची शस्त्रक्रिया बरीच मोठी करावी लागू शकते.