ध्रुवावरचा सागरी बर्फ आणि गोव्याचा पाऊस

मिरामारकर: आर्क्टिकचा बर्फ वितळला की पणजीच्या मिरामार किनाऱ्याला पाणी चढणार, असे सर्रास बोलले जाते. तरंगता बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही, एवढे मी जाणतो. मग हा बर्फ घटल्याने सागरी प्रवाहांवर आणि आपल्या पावसावर परिणाम होतो तरी कसा?

आगरवाडो: खरी मेख मिठात आहे. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना बरेचसे मीठ बाहेर टाकते. आमच्या मिठागरात पाणी उडून मीठ मागे उरते, तर ध्रुवाकडे पाणी गोठून खारटपणा खालच्या पाण्यात उतरतो. असे थंड, जड पाणी बुडते, आणि अंटार्क्टिकाच्या वेडेल व रॉस समुद्रांत त्यातूनच महासागराच्या तळाशी पसरणारे पाणी तयार होते. उलट, ग्रीनलंड आणि स्वालबार्ड बेटांमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीतून दक्षिणेकडे गेलेला बर्फ वितळला की गोड्या पाण्याचा हलका थर वर साचतो. तो ग्रीनलंड आणि लॅब्राडॉर समुद्रांत पसरला, तर हिवाळ्यात पाणी बुडण्याची क्रिया मंदावते आणि अटलांटिकमधले अभिसरण, म्हणजे वरून उबदार पाणी उत्तरेकडे नेणारा आणि खोलवरून थंड पाणी दक्षिणेकडे परत आणणारा फेरा, दुर्बल होऊ शकते. अर्थात ग्रीनलंडच्या हिमस्तराचे वितळपाणीही यात भर घालते, त्यामुळे सारे खापर सागरी बर्फावर फोडणे योग्य नाही. या अभिसरणाचे सलग मोजमाप २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४पासूनच होत आहे. एवढ्या अल्प नोंदींवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत.

मिरामारकर: आभारी आहे. पावसाचे काय?

सडेकर: ते अभिसरण फार मंदावले, तर उत्तर गोलार्ध तुलनेने थंड होऊन विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतीय मोसमी पाऊस घटतो, असे हवामानाची बहुतेक संगणकीय प्रारूपे दाखवतात. दुसरा मार्ग वातावरणाचा. वास्कोतील आमच्या सडा भागातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध मांडला. तो अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. मात्र तो मध्य भारताविषयी आहे. पणजीत एका दिवशी कोसळलेल्या पावसाचा जाब कारा समुद्राला विचारता येणार नाही, कारण इथे अरबी समुद्राचे तापमान, एल निनो आणि सह्याद्रीची उंची हे घटक अधिक जवळचे आहेत.