मदत हवी आहे: बेळगावचा जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर चोर्ला घाटातून डिचोलीला आणायचाय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण रविवारपर्यंत त्या काकांना हो की नाही सांगायचंय, म्हणून सगळं एकदमच मांडते.

माझं माहेर बेळगावचं. मामांच्या ओळखीतल्या एका काकांकडे ट्रेलर आहे, स्वतःचं इंजिन नसलेला, गाडीच्या मागे ओढायचा, एकाच ॲक्सलचा, आत दोन बाक, छोटासा ओटा आणि मुख्य म्हणजे संडास. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, पंढरपूर-गाणगापूर करायची फार इच्छा आहे, पण वाटेत जायची सोय नसते म्हणून प्रवासाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ते मला बघवत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. काका सव्वादोन लाख म्हणतायत. रिकाम्याचं वजन ९०० किलो, आमची गाडी बोलेरो.

शनिवारी जाऊन बघून आलो. बाहेरून रंग ताजा, पण आत मागच्या खिडकीखाली पाय दिला तर जमीन दबली. शीटचा कोपरा उचलला तर खालचं प्लाय काळं पडलेलं, अंगठ्याने दाबलं की ओल्या पुठ्ठ्यासारखं आत जातंय, आणि कुबट वास. काका म्हणाले एकदा पावसात खिडकी उघडी राहिलेली. मला नाही पटलं, कारण छताच्या कडेच्या पट्टीपासून भिंतीवर पिवळट ओघळ थेट खालपर्यंत आलेत. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते पण बाजूने बारीक बारीक भेगा आहेत, टॉर्च मारून नंबर वाचला तर शेवटचे चार आकडे २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दुसऱ्याचा नंबर आतल्या बाजूला, ह्यांनी खाली झोपून वाचला, तोही तसाच.

ब्रेक ओव्हररनचा आहे, गाडी थांबली की ट्रेलर मागून दांड्यावर ढकलतो आणि त्या दाबाने तो लागतो. पण पाच वर्षं ट्रेलर जागचा हललेला नाही. आणि चोर्ल्याचा उतार आपल्याच, गोव्याच्या बाजूचा, कणकुंबी सोडली की पुढे केरीपर्यंत खालीच. बोलेरो मी त्या घाटातून कित्येकदा आणलीय, पण मागे ट्रेलर बांधून कधीच नाही. ओढूनच आणू की सपाट ट्रकवर चढवून? आणि जमीन सडलेली असताना घ्यावा का?

कागदांचं पण सांगा. आरसी कर्नाटकची आहे, विमा संपलाय. एक एजंट म्हणाला ट्रेलरला कोण विचारतंय, तसाच न्या. मला तसं नकोय.

प्रतिसाद

ताई, मी बेतूलला बोटीचा ट्रेलर ओढतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. त्या टायरांवर घाट उतरू नका, नक्षीवर जाऊ नका, उभ्या गाडीचं रबर वयाने मरतं. दोन्ही नवीन घाला आणि स्टेपनी पण. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड केली किंवा फिरवताना घरघर आली तर बेअरिंग गेलं. नसलं गेलं तरी उघडून जुनं ग्रीस पुसून नवीन भराच. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा, चटका बसला तर पुढे जायचं नाही. दांड्याचं वजन हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पडलं पाहिजे, म्हणजे तुमच्या हिशोबाने ९० ते १३५ किलो. ते कमी पडलं, सामान ॲक्सलच्या मागे गेलं, की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हललाच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून एक्सलेटर सोडायचा. घाटात सुरुवातीपासूनच दुसऱ्या गिअरमध्ये, कारण उतारावर तो ओव्हररन ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या बांधा, दांडा सुटला तर त्यांच्यावर अडकतो. पण खरं सांगू, पाच वर्षं उभा असलेला ब्रेक उघडून बघितल्याशिवाय मी असतो तर ट्रकवरच आणला असता.

प्रतिसाद

कागद आधी, पैसे मागाहून. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, त्यामुळे फॉर्म २८ वर कर्नाटकची एनओसी (ना हरकत दाखला) आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर काकांच्या सह्या घ्याच. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी जुळवा. विमा चालू केल्याशिवाय रस्त्यावर काढायचाच नाही. सडलेल्या जमिनीचं म्हणाल तर आधी छताचा जोड सील करा, नाहीतर नवीन प्लाय पण दोन पावसाळ्यांत जाईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ह्यांच्याशी बोलले, ट्रकवरच आणतोय, चोर्ल्याऐवजी अनमोड घाटावरून, मोल्याला उतरून. काकांना छताचे ओघळ पुन्हा दाखवले, फोटो पण पाठवले, तेव्हा ते एक लाख सत्तरवर आले. एनओसी हातात आली की पैसे देणार, तोपर्यंत फक्त दहा हजार इसार. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, आधी जमीन पक्की होऊ दे. म्हापसा-डिचोली भागात मरीन प्लायचं काम करणारा, बोटीचं करत असला तरी चालेल, असा कोणी चांगला सुतार माहीत असेल तर इथेच सांगा.