मदत हवी आहे : कृष्णधवल फोटोत घोडा आणि माणूस वेगळे कसे दिसतील?

नमस्कार मंडळी. पाचगणीच्या टेबललँडवर एका घोडेवाल्या काकांचा त्यांच्या घोड्यासोबत फोटो काढलाय, रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) आहे. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल केला, तर तपकिरी घोडा आणि काकांचं गडद जाकीट एकमेकांत मिसळून गेलं. नारिंगी रंगाचं ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवलं की घोड्याची मान सुरेख उठून येते, शिरासुद्धा दिसतात. पण पायाखालचा जांभा आणि काकांचा चेहराही फिका पडतो. त्या सुरकुत्या मला घालवायच्या नाहीत, फोटोचा जीव तिथंच आहे. मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त घोडा उजळला, तर आयाळीभोवती पांढरी कड दिसते. ती कशी टाळायची? की डॉज-बर्न (हवा तो भाग उजळ किंवा गडद करणं) हातानंच करू? साताऱ्यात मॅट कागदावर चांगली प्रिंट कुठं मिळेल, तेही सांगा. काकांना द्यायची आहे.